आपले इंदूरचे मराठी उद्या इंटरनेटवर सापडेल का?

मंडळाच्या जुन्या स्मरणिका एकत्र करण्याचे काम आम्ही हाती घेतले, तेव्हा कपाटाच्या तळाशी एक सीडी मिळाली. २००३ च्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर तिच्यात होता. छापील प्रत कोणाकडेच उरलेली नव्हती, म्हणून आम्हाला फार आनंद झाला. सीडी चाललीही. पण फाइल उघडली तर पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता गोंधळ. त्या अंकात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी रामबागेतल्या जुन्या वाड्यांवर मोठा लेख लिहिला होता. ते आता हयात नाहीत. लेख आमच्या हातात होता, पण वाचता येत नव्हता.

इंटरनेटचे पुढे काय होणार, याची चर्चा सध्या सगळीकडे चालते. आम्ही काही त्यातले तज्ज्ञ नाही. पण त्या सीडीमुळे या प्रश्नाकडे मंडळाच्या बाजूने पाहावे लागले. आपण लिहितो ते पुढच्या पिढीला सापडेल का आणि सापडले तर वाचता येईल का, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

अक्षरे कुठे गेली?

आधी त्या सीडीचे कोडे उलगडू. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि फाइलमध्ये ते क्रमांकच साठवले जातात. पूर्वी हे क्रमांक इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले होते. मग आपल्याकडच्या छपाईवाल्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले फाँट आले. आपल्या मध्य प्रदेशात 'कृतिदेव' घराघरांत आणि छापखान्यांत पोहोचला. त्यात इंग्रजी 'डी' दाबला की पडद्यावर 'क' उमटतो. 'राम' लिहिले की फाइलमध्ये खरे तर 'जे, के, ई' ही तीन इंग्रजी अक्षरे साठतात. फाँट असेपर्यंत राम दिसतो. फाँट काढला की राम जातो आणि जे-के-ई उरते.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, हे त्याचे तत्त्व. 'क' चा क्रमांक २३२५, 'म' चा २३५०. फाँट कोणताही असो, फोन कोणताही असो, 'क' हा 'क' च राहतो. आज आपण मोबाइलवर सहज मराठी लिहितो आणि सर्चमध्ये मराठी शब्द सापडतो, तो यामुळेच.

आमच्यापैकी काहींना यावरून मोडीची आठवण झाली. होळकरांच्या काळातले दप्तर, घराघरांतली जुनी खतपत्रे, हिशेबाच्या वह्या मोडीत आहेत. कागद टिकले, शाई टिकली, पण वाचणारे कमी झाले. मोडी जाणकार शोधत फिरावे लागते. आपल्या सीडीचेही तेच झाले. फरक एवढाच की मोडी अपरिचित व्हायला काही पिढ्या लागल्या आणि ही फाइल वीस वर्षांतच परकी झाली.

सुदैवाने जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात. वाड्यांवरचा लेख आम्ही त्यातूनच परत मिळवला. पण आंधळेपणाने विसंबून चालत नाही. जुन्या फाँटमध्ये 'कि' ची वेलांटी 'क' च्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. अशा जागी आणि जोडाक्षरांत चुका राहतात. मराठी जाणणाऱ्या माणसाने एकदा डोळ्यांखालून घालणे भागच आहे.

पाने नाहीशी होतात

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. छापलेले पुस्तक शंभर वर्षे टिकू शकते, इंटरनेटवरचे पान मात्र कोणी तरी सांभाळले तरच टिकते. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

मोठ्या कंपन्यांच्या भरवशावर राहिलेल्यांचेही हेच झाले. लाखो लोकांनी घरच्या घरी पाने बनवलेली जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली. आपल्या मुलामुलींनी ज्यावर शाळेतले मित्र शोधले ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. गूगल प्लस २०१९ मध्ये गेले. त्या त्या वेळी ही सगळी ठिकाणे कायमची वाटत होती. आज ज्यांच्यावर आपण फोटो आणि आठवणी टाकतो, ती तरी कायमची आहेत असे कशावरून म्हणायचे?

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, हेसुद्धा विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. दरवर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरावे लागतात. भरायचे राहिले तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मंडळात ही जबाबदारी बहुधा एखाद्या तरुण कार्यकर्त्याकडे असते. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला, त्याचा ईमेल बदलला, की नूतनीकरणाची आठवण कोणालाच येत नाही.

सगळे गावच व्हॉट्सॲपवर

२०१६ मध्ये स्वस्त फोर-जी आले आणि आपले ज्येष्ठ सभासदही मोबाइलवर आले. ही फार चांगली गोष्ट झाली. कोजागिरीची सूचना पाच मिनिटांत लोकमान्य नगरापासून सुदामा नगरापर्यंत पोहोचते. कोणी आजारी असेल तर लगेच कळते.

पण त्याबरोबर एक बदल झाला. पूर्वी जे लिखाण हस्तलिखितात, स्मरणिकेत, पुढे संकेतस्थळावर जायचे, ते आता ग्रुपवर जाते. गेल्या दिवाळीत एका काकूंनी त्यांच्या सासूबाईंच्या हातच्या अनारशांची कृती लिहिली. कृतीबरोबर सासूबाई ग्वाल्हेरहून लग्न होऊन इंदूरला कशा आल्या, तेही लिहिले. शंभरेक जणांनी हात जोडले, फुले पाठवली. आज ती कृती शोधायची म्हटले तर 'शुभ सकाळ'च्या डोंगराखाली खणावे लागेल. व्हॉट्सॲपचे संदेश ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असतात. फोन हरवला, बॅकअप घेतला नसला, की संपले. बाहेरच्या माणसाला, सर्चला, उद्या जन्मणाऱ्या नातवाला तिथे वाटच नाही.

वर्ल्ड वाइड वेब टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सुचवले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेने ते सर्वांसाठी मोफत खुले केले. कोणीही पान उघडावे, कोणीही दुसऱ्याच्या पानाकडे बोट दाखवावे, असा तो मोकळा चौक होता. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण त्या चौकातून उठून आपापल्या खोल्यांत जाऊन बसलो. खोलीतल्या गप्पा रंगतात, हे खरे. पण त्या खोलीबाहेर जात नाहीत.

आता उत्तरे देणारी यंत्रे

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले आणि तेव्हापासून लोक सर्चमध्ये दहा दुवे उघडून पाहण्याऐवजी थेट उत्तर मागू लागले. ही यंत्रे इंटरनेटवरचा आणि इतर अफाट मजकूर वाचून शिकतात. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख आहेत, पण इंटरनेटवर मराठी मजकूर त्या मानाने फारच थोडा. त्यात महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचा वाटा किती असणार?

याचा अर्थ असा की उद्या एखाद्या मुलाने विचारले, 'इंदूरच्या मराठी घरांत गणपती कसे बसत?' तर यंत्र उत्तर देईल, पण ते पुण्या-मुंबईच्या माहितीवर बेतलेले असेल. चुकीचे असले तरी ठामपणे दिलेले असेल. हिंदीच्या सहवासात घडलेली आपली बोली, माळव्याच्या चवीत मुरलेला आपला स्वयंपाक, संस्थानकाळापासूनच्या आपल्या आठवणी त्याला ठाऊक नसतील. त्यात यंत्राचा दोष कमी आणि आपला जास्त, कारण आपण लिहून ठेवले नाही.

सगळेच जगजाहीर करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सभासदांचे पत्ते, फोन नंबर, लहान मुलांचे फोटो, घरातल्या खाजगी गोष्टी उघड्यावर ठेवू नयेत. एकदा बाहेर गेलेले परत घेता येत नाही. शिवाय लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतरही ६० वर्षे राहतो. म्हणून जुना लेख टाकण्यापूर्वी आम्ही त्या घरी जाऊन परवानगी घेतो. वाड्यांवरच्या लेखासाठी गेलो, तेव्हा त्यांच्या सुनेने आणखी दोन वह्या काढून दिल्या. परवानगी मागायला गेल्याचा हा लाभ.

आम्ही काय ठरवले आहे

मंडळाने काही साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. दुसऱ्या गावांतल्या मंडळांनाही त्या उपयोगी पडतील.

पहिली, यापुढचा सगळा मजकूर युनिकोडमध्येच घ्यायचा. छपाईवाल्याला दुसरा फाँट लागला तरी आपली मूळ प्रत युनिकोडमध्ये हवी.

दुसरी, पानाचा नुसता फोटो पुरेसा मानायचा नाही. फोटोतले शब्द सर्चला सहसा सापडत नाहीत. जुनी स्मरणिका स्कॅन करायची, पण निदान लेखांची नावे, लेखक आणि वर्ष टाइप करून सोबत द्यायचे.

तिसरी, तीन प्रती ठेवायच्या. एक संकेतस्थळावर, एक कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. महत्त्वाची पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करायची. ही सोय मोफत आहे.

चौथी, डोमेनचा ईमेल आणि पासवर्ड एका व्यक्तीकडे न ठेवता अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघांकडे ठेवायचा. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घालायची.

पाचवी, ग्रुपवर आलेले चांगले लिखाण दर महिन्याला निवडून, लिहिणाऱ्याला विचारून संकेतस्थळावर आणायचे. अनारशांपासून सुरुवात झाली आहे. काकूंनी पाकाची एक चूक सुधारूनही दिली.

पुढची दहा वर्षे इंटरनेटवर काय येईल, कोणते ॲप राहील आणि कोणते जाईल, हे आपल्या हातात नाही. आपले लिहिलेले कुठे आणि कोणत्या रूपात ठेवायचे, एवढे मात्र नक्कीच आहे.

तेव्हा मंडळी, आपल्या घरी जुन्या स्मरणिका, हस्तलिखिते, सीडी, पेन ड्राइव्ह असतील तर येत्या रविवारी कार्यालयात घेऊन या. वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. आम्ही स्कॅन करून, उतरवून आपली वस्तू आपल्याला परत देऊ. आणि ज्यांना रोज अर्धा तास मुद्रितशोधनाला देता येईल, त्यांनी जरूर कळवावे. डोळे कमी पडत आहेत, मजकूर पुष्कळ आहे.