एक गाणे, तीन वये



गाण्याविषयी बोलताना आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता त्यांचा आवाज गेला.’ म्हणणाऱ्याच्या सुरात हळहळ असते, आणि थोडी तक्रारही असते. जणू तो आवाज म्हणजे आपण गायकाकडे ठेवायला दिलेली ठेव होती, आणि त्याने ती नीट सांभाळली नाही. या वाक्यात कितपत तथ्य आहे, हे आज तपासायचे आहे. त्यासाठी मेरिअन फेथफुल या इंग्रज गायिकेचे उदाहरण घेतो. तिने एकच गाणे वयाच्या सतराव्या वर्षी, चाळिशीत आणि सत्तरी ओलांडल्यावर असे तीनदा ध्वनिमुद्रित केले. तिन्ही ध्वनिमुद्रणे ओळीने ऐकता येतात, त्यामुळे आपली परीक्षा केवळ आठवणींवर अवलंबून राहत नाही.

मेरिअनचा जन्म १९४६ चा, लंडनचा. आई ऑस्ट्रियातल्या सरदार घराण्यातली, वडील इटालियन साहित्याचे प्राध्यापक. मुलगी वाढली कॉन्व्हेंट शाळेत. १९६४ साली एका मेजवानीत ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाचे व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डम यांच्या नजरेस ती पडली. तिचे रूप पाहूनच त्यांनी तिची गायिका म्हणून निवड केली. आवाजाचा विचार नंतरचा. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स या दोघा विशीतल्या मुलांनी लिहिलेले ‘ॲज टिअर्स गो बाय’ हे गाणे तिला देण्यात आले, आणि ते ब्रिटनमधल्या पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसले.

गाण्याचा आशय साधा आहे. संध्याकाळची वेळ आहे, कोणीतरी बसून मुलांचा खेळ पाहत आहे. आपणही एके काळी हेच खेळ खेळत होतो, ही जाणीव त्या व्यक्तीच्या मनात दाटून येते. म्हणजे गाणे उतारवयाचे, लिहिणारे विशीतले आणि गाणारी सतरा वर्षांची. १९६४ चे ध्वनिमुद्रण ऐकताना हे सहज जाणवते. आवाज स्वच्छ, पातळ, किंचित थरथरता आहे. ती शब्द नीट उच्चारते, पण शाळकरी मुलीने दिलेली कविता म्हणून दाखवावी तशी. लोकांना आवडला तो हा निरागसपणाच. पुढे आत्मचरित्रात तिनेच नवल व्यक्त केले की, आयुष्याकडे मागे वळून पाहणाऱ्या स्त्रीचे गाणे विशीतल्या मुलाने लिहावे तरी कसे!

त्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगतो. १९६७ च्या फेब्रुवारीत रिचर्ड्सच्या घरावर अमली पदार्थांसाठी पोलिसांचा छापा पडला. खटला पुरुषांवर झाला, मेरिअनवर आरोपही नव्हता. पण वृत्तपत्रांनी चवीने चघळली ती तिचीच बदनामी. असल्या प्रकाराने पुरुषाला वलय मिळते आणि स्त्री मात्र चारित्र्यहीन व वाईट आई ठरते, असे तिने पुढे बोलून दाखवले. १९७० मध्ये जॅगरशी असलेले नाते तुटले, मुलाचा ताबा गेला, हेरॉइनचे व्यसन जडले. लंडनच्या सोहो भागात ती काही काळ अक्षरशः रस्त्यावर राहिली. सिगारेट, व्यसन आणि घशाचा तीव्र विकार यांनी आवाज पार बदलून टाकला.

या बदलाचे शरीरशास्त्र असे. गळ्यातल्या दोन स्वरपट्ट्या एकमेकींवर स्वच्छ मिटून कंप पावतात, तेव्हा आवाज नितळ निघतो. सततच्या दाहाने त्या सुजल्या, जाड झाल्या की कंपनाचा वेग मंदावतो आणि आवाज खाली उतरतो. त्या पूर्ण मिटल्या नाहीत, तर मधून हवा निसटते आणि घोगरेपणा, खरखर येते. वरच्या पट्टीतले स्वर हाताशी राहत नाहीत, श्वास पुरत नाही, लांब ओळ एका दमात जमत नाही. ‘आवाज गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा एवढेच घडलेले असते. स्वरांची समज, शब्दांची जाण आणि कुठे थांबायचे याचे भान यांना स्वरपट्ट्यांच्या सुजेने काही होत नाही.

१९७९ च्या नोव्हेंबरात तिचा ‘ब्रोकन इंग्लिश’ हा संग्रह आला, तेव्हा जुन्या चाहत्यांना ही तीच मुलगी हे पटणे कठीण होते. आवाज खर्जातला, फाटलेला; विषयही तसेच. शीर्षकगीताला पश्चिम जर्मनीतल्या उल्रिके माइनहोफ या अतिरेकी स्त्रीची पार्श्वभूमी आहे. मत्सराने पेटलेल्या बाईचे एक गाणे त्यातल्या शिवराळ भाषेमुळे ऑस्ट्रेलियातल्या आवृत्तीतून वगळावे लागले. पण संग्रह गाजला, त्यातल्या गायनासाठी तिला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. पंक संगीताने ब्रिटिश श्रोत्यांचे कान नुकतेच गुळगुळीतपणापासून मोडले होते. १९६४ ची मुलगी ज्यांच्या आठवणीत नव्हती, त्या तरुणांना ह्या आवाजाची तुलना कशाशी करावी लागली नाही.

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व बालवयातच देशभर गाजले होते. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, देवासच्या कोरड्या हवेत काही वर्षे गाणे बंद ठेवून काढावी लागली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुन्हा गाऊ लागले, ते तुटक, छोट्या, अचूक फेकीच्या तानांनी. काहींना ते खटकले, काहींना त्यात नवे संगीत सापडले. दोन्ही संगीतांची जात वेगळी आहे, आणि कुमारांचा आजार व मेरिअनचे व्यसन हेही एका मापाने मोजता येणार नाहीत. श्रोत्यापुढचा पेच मात्र तोच : पूर्वीच्या आवाजाची आठवण बाजूला ठेवून समोरचे गाणे ऐकायचे की नाही?

मेरिअनच्या चाहत्यांची पुढे दुसरी एक चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा फसवी आहे. जुने चाहते आवाज बिघडला म्हणून हळहळत होते. नवे चाहते त्या बिघाडाचीच पूजा करू लागले. ‘काय भोगले असेल, म्हणून असे गाते!’ असे म्हणणे ऐकायला सहृदय वाटते, पण त्यात गायिकेच्या मेहनतीचे श्रेय व्यसनाला दिले जाते. व्यसनाने आवाज खरवडला, एवढेच त्याचे काम. त्या आवाजात काय गायचे, ओळ कुठे तोडायची, कुठला शब्द नुसता बोलून सोडायचा, हे तिला शिकावे लागले. ‘स्ट्रेंज वेदर’ हा १९८७ चा संग्रह तिने व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर केला. पुढे ती ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या गीतांकडे वळली. त्या गाण्यांत गोड गळ्यापेक्षा शब्दफेकीला महत्त्व असते, म्हणजे तिने आपल्या नव्या आवाजाला साजेसे साहित्य जाणीवपूर्वक शोधले.

याच ‘स्ट्रेंज वेदर’मध्ये ‘ॲज टिअर्स गो बाय’ दुसऱ्यांदा आले. पट्टी बरीच खाली, लय संथ. गाण्यातली खिन्नता आपल्याला खऱ्या अर्थाने प्रथम जाणवली ती चाळिशीत, असे तिने लिहिले आहे. हे गाणे आता आठवणीतून आल्यासारखे वाटते. मात्र त्या आठवणीत अजून सल आहे.

तिसरी खेप २०१८ च्या ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’ या संग्रहात. हे नाव कवी कीट्सने १८१७ मधल्या एका पत्रात वापरलेली संज्ञा आहे : अनिश्चितता आणि शंका यांची घाईने उत्तरे न शोधता त्यांच्यासह राहण्याची क्षमता. पॅरिसजवळ ध्वनिमुद्रित झालेल्या या संग्रहात गेलेल्या मित्रमैत्रिणींचा शोक आहे, म्हातारपणातले एकटेपण आहे, २०१५ च्या पॅरिसमधल्या हल्ल्यांवरचे एक गाणेही आहे. समीक्षकांनी तिच्या उत्तम कामांत त्याची गणना केली. तिसऱ्या ध्वनिमुद्रणात श्वास ऐकू येतो, ओळीचा शेवट कधी कधी विरतो, आणि चाळिशीतला सल मावळलेला आहे. बसून मुलांचा खेळ पाहणारी ती व्यक्ती अखेर स्वतः गात आहे. गाण्याच्या वयाला पोहोचायला गायिकेला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

१९६४ मध्ये ज्यांनी ती तबकडी विकत घेतली होती, तेही २०१८ साली सत्तरीच्या आसपास होते. त्यांना तरुण मेरिअन परत मिळाली नाही. मिळाले ते त्यांच्या आजच्या वयाचे गाणे. अशी सोबत फार थोड्या श्रोत्यांच्या वाट्याला येते, आणि ती मिळण्यासाठी गायिकेला बदलण्याची मुभा द्यावी लागते.

२०२० मध्ये कोविडच्या गंभीर आजारातून ती उठली, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी रोमँटिक कवींच्या कवितावाचनाचा संग्रह तिने प्रसिद्ध केला. ३० जानेवारी २०२५ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी तिचे निधन झाले.

आज घरी गेल्यावर ही तीन ध्वनिमुद्रणे ओळीने ऐकावीत, अशी विनंती करतो. शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि नातवंडांना एकत्र बसवून ऐकावीत. तिघांपैकी कुठला आवाज कोणाला आपला वाटला, एवढे एकमेकांना विचारावे. उत्तरे एकसारखी येणार नाहीत.