प्रवेश मिळाला, पण राहायचं कुठं?

राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी ती जातवार होती, हे आज खटकतं. पण खेड्यातला पोर शहरात टिकतो तो आधी खोली आणि दोन वेळच्या जेवणावर, हे महाराजांनी नेमकं ओळखलं होतं.

आजची ‘स्वाधार’ योजना त्याच प्रश्नाला भिडते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जेवण, निवास आणि साहित्यासाठी रक्कम थेट बँक खात्यात मिळते. अडचण एवढीच, की घरमालक दरमहा भाडं मागतो आणि शासनाचा हप्ता आपल्या सवडीनं येतो.

मुलींसाठी राज्यानं २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना हा लाभ आहे. मेसचं बिल मात्र त्यात नाही.

दिव्यांगांना २०१६ च्या कायद्यानं शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट. लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. परीक्षेची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असेल, तर ती २० मिनिटं जिन्यातच जातात!