तांब्याचा वायसर

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात किंवा शाळेच्या वाटेवर एखादे गॅरेज असेलच. तिथल्या तेलकट भिंतीवर, खिळ्याला टांगलेली एक तार कधी पाहिली आहे का? तिच्यात मधोमध भोक असलेल्या तांब्याच्या लहान लहान चकत्या ओवलेल्या असतात. दुरून पाहिले तर माळच वाटावी. या चकत्यांना गॅरेजातले कारागीर ‘वायसर’ म्हणतात. मूळ शब्द वॉशर. आपल्या कारागिरांनी त्याचा वायसर केला.

माळेतले हे वायसर जुने असतात. गाड्यांमधून काढलेले, पण फेकून न दिलेले. ते पुन्हा वापरावेत की दर वेळी नवे घालावेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण ज्या जोडावर तो बसतो, त्या जोडातून डिझेल वाहत असते.

डिझेलवर चालणाऱ्या टेम्पोचे उदाहरण घ्या. टाकीतले डिझेल नळीतून एका पंपाकडे येते, तिथून फिल्टरमध्ये जाते आणि मग इंजिनाकडे. या वाटेवर नळ्या अनेक ठिकाणी जोडलेल्या असतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत नळीच्या टोकाला एक गोल कडी असते. तिच्यातून एक पोकळ बोल्ट आरपार जातो. बोल्टच्या अंगाला भोके असतात, त्यांतून डिझेल पुढे जाते. याला बँजो बोल्ट म्हणतात. गोल अंग आणि लांब दांडा असलेल्या बँजो नावाच्या तंतुवाद्यासारखा हा जोड दिसतो. (वरातीत वाजतो तो आपल्याकडचा बेंजो निराळा!)

कडीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, असे दोन वायसर या जोडात बसतात. त्यांची गरज काय? लोखंडाचे तोंड डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी भिंगाखाली त्यावर ओरखडे दिसतात. दोन कठीण तोंडे एकमेकांवर कितीही दाबली, तरी त्या ओरखड्यांतून डिझेल पाझरते. तांबे मऊ असते. बोल्ट आवळला की ते दबते, ओरखड्यांत शिरते आणि वाट बंद करते.

पण एकदा दबलेले तांबे पूर्वीसारखे राहत नाही. हे तुम्ही स्वतः पाहू शकता. विजेच्या वायरचा एक टाकाऊ तुकडा घ्या. तो कोठेही जोडलेला नको. त्यातली तांब्याची जाड तार सोलून काढा आणि एकाच जागी वाकवा. पहिल्यांदा ती सहज वाकेल. पुन्हा सरळ करा, पुन्हा वाकवा. दर वेळी तिथे जास्त जोर लागेल आणि शेवटी तार तुटेल. दाबल्याने किंवा वाकवल्याने तांबे कडक होत जाते. जुन्या वायसराचेही असेच होते. तो एका जोडाच्या ओरखड्यांप्रमाणे बसलेला असतो आणि त्याच आकारात कडक झालेला असतो. दुसऱ्या जोडात, किंवा त्याच जोडात किंचित फिरून बसला, तर तो नव्या खाचा नीट भरत नाही.

मग तांबे पुन्हा मऊ करता येते का? येते. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले तांबट भांडे ठोकून घडवतात. ठोकता ठोकता पत्रा कडक झाला की ते भांडे भट्टीत तापवतात आणि मग पुन्हा ठोकतात. न तापवता ठोकत राहिले, तर पत्रा चिरतो. जुना उस्ताद वायसराला हीच युक्ती लावतो. चिमट्यात धरून वायसर काळपट लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. इथे एक गंमत आहे. लोहार पोलादाचे हत्यार लाल करून पाण्यात बुडवतो, तेव्हा ते कठीण होते. तांबे मात्र पाण्यात टाकले तरी मऊच राहते. पाण्यामुळे त्यावरची काळी खपली तेवढी सुटते.

ही युक्ती सगळ्या वायसरांना चालत नाही. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी तांब्यासारखे लाल होऊन इशाराही देत नाही. पाहता पाहता चकतीचा गोळा होतो. काही वायसरांच्या आतल्या कडेला रबर चिकटवलेले असते, ते तर आचेने जळूनच जाईल. हे दोन्ही प्रकार काढले की नवेच घालावेत. तांब्याचाही वायसर खाच पडलेला, वाकडा किंवा दबून पातळ झालेला असेल, तर तापवून उपयोग नाही. आणि तापवण्याचे काम गाडीपासून दूरच झाले पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. मुलांनी तर हा उद्योग करूच नये.

खराब वायसराची गळती दोन तऱ्हांची असते. पंपाच्या पुढच्या जोडात डिझेल बाहेर ढकलले जात असते, म्हणून तिथे थेंब दिसतो, वास येतो. पण टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. तिथला जोड ढिला असेल, तर गाडी चालू असताना बाहेर काहीच गळत नाही. उलट हवा आत शिरते. भोक पडलेल्या नळीने उसाचा रस ओढून पाहा. तोंडात रस कमी आणि हवाच जास्त येते. इंजिनाचेही तसेच होते. कारागीर म्हणतात, “गाडीने एअर घेतली.”

समजा, भिवंडीहून सूत भरून निघालेला असा एक टेम्पो मालेगावला चालला आहे. सपाट रस्त्यावर तो बरा चालतो. कसारा घाट चढताना इंजिनाला जास्त डिझेल हवे असते आणि नेमकी तिथे हवा येते. जोर कमी होतो, धक्के बसतात आणि चढावर, मागे ट्रकची रांग असताना, इंजिन बंद पडते. ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदतही थांबते. चालक तेल पाहतो, फिल्टर पाहतो, पंपाला दोष देतो. एका जुन्या चकतीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गळती दिसली की काहीजण बोल्ट आणखी आवळतात. बँजो बोल्ट पोकळ असतो; जास्त जोर लावला तर तो तुटतो. काहीजण नळ दुरुस्त करणाऱ्यांची पांढरी टेप गुंडाळतात. तिचे तुकडे डिझेलबरोबर पुढे जाऊन बारीक वाटा बंद करतात. एकावर एक दोन जुने वायसर घालण्याची सवयही वाईटच, कारण त्यामुळे गळतीच्या जागा वाढतात.

इंजेक्टरच्या खाली बसणारा तांब्याचा वायसर मात्र वेगळा. तो डिझेल नव्हे, तर इंजिनात पेटलेला तप्त वायू अडवतो. त्याच्या जाडीवर इंजेक्टरचे टोक किती आत उतरते हे ठरते. म्हणून तो नेहमी नवा आणि ठरलेल्या जाडीचाच घालतात. माळेतला चालत नाही.

माझे मत विचाराल तर, नवा वायसर मिळत असताना माळेला हात लावू नये. त्याची किंमत फार थोडी असते. आडरस्त्यावर, दुकान नसताना, नीट तापवलेला तांब्याचा वायसर गाडीला घरापर्यंत आणील. घरी आल्यावर तो बदलावा. चांगला कारागीर जोड आवळल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसतो, हातपंपाने नळीतली हवा काढतो, इंजिन चालू करून पुन्हा पाहतो. आणि गिऱ्हाइकाला सांगतो, “उद्या सकाळी पहिल्या झटक्यात चालू झाली नाही, तर परत घेऊन या.” कारण ढिल्या जोडातून रात्रभर हवा शिरते, नळीतले डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी इंजिन नुसते फिरत राहते.