डिसेंबरातले वादळ आणि आपले आरोग्य



५ डिसेंबर २०१७ चे दादर ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येणार नाही. महापरिनिर्वाण दिनासाठी विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेले अनुयायी शिवाजी पार्कवर मुक्कामाला होते आणि ऐन डिसेंबरात पाऊस पडत होता. मैदानाचा चिखल झाला. अंथरूण ओले, शिदोरी ओली, पुस्तकांच्या स्टॉलवर ताडपत्रीसाठी धावपळ. शेवटी महापालिकेने आसपासच्या शाळा उघडून लोकांना तिकडे हलवले. शाळांना त्या दिवशी सुट्टी दिलेलीच होती. हा सगळा प्रताप ओखी वादळाचा. खरे तर मुंबईजवळ येईपर्यंत ते पार थकलेले होते, आणि थकलेले असूनही त्याने एवढे केले.

यंदाही डिसेंबर येतो आहे. ‘पावसाळा गेला, आता कसले वादळ,’ असे वस्तीत कोणी म्हणाले तर त्यांना हे पान वाचून दाखवा.

आपल्या देशाच्या दोन्ही समुद्रांत वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याआधीचा, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. दुसरा पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात आकाशाच्या वरच्या थरात इतके जोराचे वारे वाहतात की वादळाचा डोलारा सरळ उभाच राहत नाही. पावसाळा सरला की ते वारे मंदावतात, पण समुद्राचे पाणी अजून कोमट असते. कोमट पाण्याची वाफ हेच वादळाचे इंधन. नोव्हेंबर २००९ मधले फयान आठवा. तेही अरबी समुद्रातले, आणि ११ नोव्हेंबरला ते मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला आले होते.

ओखी २९ नोव्हेंबर २०१७ ला श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा म्हणून सुरू झाले आणि ३० तारखेला कन्याकुमारीजवळच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळ झाले. नाव बांगलादेशाने सुचवलेले, अर्थ ‘डोळा’. पुढे ते लक्षद्वीपवरून गेले, समुद्रात त्याचा वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात पोचला, मग ते वळून गुजरातकडे निघाले आणि ६ तारखेच्या पहाटे दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी विरून गेले. केरळ आणि तमिळनाडूचे दोनशेहून अधिक मच्छीमार या वादळात मेले किंवा बेपत्ता झाले. ते खोल समुद्रात होते. कित्येक होड्या आठवडा-आठवडा बाहेर राहणाऱ्या. किनाऱ्यावर इशारा लागला तेव्हा त्यांच्यापर्यंत तो पोचवायला काही साधनच नव्हते, आणि वादळाने जोर धरला तो अवघ्या काही तासांत. जे वाचले त्यातले काही पार आपल्या कोकणात येऊन लागले. ६८ होड्यांतून ९५२ जण सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला पोचल्याचे तेव्हा राज्य सरकारने सांगितले होते.

इशारा दिला जाणे आणि इशारा पोचणे यात केवढे अंतर असते, ते यात दिसते. हवामान खाते रंगांत बोलते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. मोबाइलवर तो रंग येतो खरा, पण वस्तीतल्या म्हातारीकडे मोबाइल नसतो आणि रात्रपाळीहून येऊन झोपलेल्याचा बंद असतो. विहारात भोंगा आहे. नारिंगी इशारा लागला की त्यावरून सांगायचे, एवढे काम महिला मंडळाने आजच कोणाच्या तरी नावावर लावून टाकावे.

आता डोंगराचे. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, गार होतो आणि तिथेच रिकामा होतो. कन्याकुमारीला तर डोंगराची रांग समुद्राच्या अगदी जवळ येऊन संपते, म्हणून तिथे ओखीच्या वेळी वारा आणि पूर दोन्ही एकदम आले. केळी, रबराची झाडे आडवी झाली, विजेचे खांब पडले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. कोकणातल्या नद्याही अशाच आखूड आणि उताराच्या. घाटावर पडलेले पाणी काही तासांत खाली येते, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली तर पुढे जायला जागाच राहत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीने महाड बुडवले आणि त्याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, ते आपण पाहिले. चवदार तळ्याच्या गावाला पाण्याचा हा दुसरा अर्थही ठाऊक आहे. पण आज आपल्याला वादळानंतर माणूस आजारी का पडतो, ते बघायचे आहे.

सगळ्यात आधी थंडी. मुंबईत कोण थंडीने मरतो, असे वाटते ना? कोरड्या अंगाला मुंबईची थंडी काही करत नाही. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. त्यावर वारा लागला की ओले लुगडे म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला कूलर. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की मेंदू आणि हृदय मंदावू लागतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. म्हातारा माणूस, तान्हे बाळ, उपाशी माणूस, दारू प्यायलेला माणूस यांच्यावर ही वेळ लवकर येते. आधी हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, हातातली वस्तू पडते, माणूस काहीबाही बोलतो. हुडहुडी थांबली आणि माणूस सुस्त झाला तर घरच्यांना वाटते बरे वाटतेय. तेच खरे धोक्याचे लक्षण. अशा वेळी १०८ ला फोन करा.

तोवर ओले कपडे पूर्ण उतरवा. लाज बाळगू नका, चादरीचा आडोसा करा. अंग टिपून कोरडे करा, डोके झाका, कोरडी गोधडी किंवा रग गुंडाळा, आणि खालीही जाड अंथरा, कारण ओली फरशी खालून ऊब ओढते. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर गरम गोड चहा घोट घोट द्या. हातपाय चोळू नका. दारू देऊ नका. दारूने अंग गरम वाटते, पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगून आतली ऊब उलट बाहेर जाते.

आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. धुरापेक्षा घातक असतो तो कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस उठत नाही. भाड्याने आणलेला जनरेटरही दाराशी किंवा गल्लीच्या तोंडाशी ठेवू नका. त्यातून हाच वायू निघतो.

वाऱ्याबद्दल एकच हिशोब लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. ताशी ४० च्या वाऱ्यात नुसता खडखडणारा पत्रा ताशी ८० ला उचलला जातो. पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवायची आपली पद्धत रोजच्या वाऱ्याला ठीक आहे. वादळात तेच दगड शेजाऱ्याच्या डोक्यात पडतात. इशारा लागल्यावर सुटे दगड खाली उतरवा, पत्रा हुकाने आणि तारेने वाशाला आवळा, आणि ज्या बाजूने वारा येतो तिकडचे दार-खिडकी बंद ठेवा. वारा आत शिरला की तो पत्र्याला खालून ढकलतो. घर कच्चे असेल तर वस्तीतल्या पक्क्या इमारतीत, शाळेत, विहारात वेळेवर जा. वादळ ऐन भरात आल्यावर बाहेर पडणे सगळ्यात वाईट.

पडलेल्या तारेपाशी कोणी जाऊ नये, ती मेलेली दिसली तरी. कोणी चिकटला असेल तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा.

वादळानंतर जुलाब का वाढतात, हे नीट समजून घ्या. वीज गेली की पंप बंद होतात. पंप बंद पडले की पाइपातला दाब जातो. आपल्या वस्तीतले निम्मे पाइप गटाराला लागून, नाहीतर गटारातूनच जातात. दाब असतो तोवर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते, दाब गेला की त्याच सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी नळाला मोटार लावली की ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी सुरू झाल्यावर पहिली काही भांडी पिण्यासाठी भरू नका. पुढचे पाणी कपड्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवून मगच प्या. गॅस नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या किंवा औषध आणा, पाकिटावर लिहिले आहे तेवढेच टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, आधी गाळणे जरुरीचे.

जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, मोजूनच घाला. अंगावरचे दूध चालू ठेवा. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली, ते मलूल झाले की दवाखाना गाठा.

लेप्टोची भीती पावसाळ्यातच असते असे नाही. उंदराचे मूत मिसळलेले पाणी पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात जाते. ताप साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी येतो, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात. तोवर आपण पाणी तुडवले होते हे कोणाच्या ध्यानातही नसते, म्हणून डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात, त्यासाठी पहिल्या तीन दिवसांच्या आत जायला हवे. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी चालत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या डब्यातून घेऊन खाऊ नका.

आता जे सांगायचे ते थोडे लांबेल, पण आपल्याच घरातल्या माणसांचे आहे. वादळ सरले की तुंबलेली गटारे मोकळी करायची घाई सुटते आणि ठेकेदार माणूस आत उतरवतो. तो माणूस बहुतेक वेळा आपल्याच समाजातला असतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. आधी कुजलेल्या अंड्याचा वास येतो, मग वास येणे बंद होते. उतरलेल्याला वाटते गॅस गेला. प्रत्यक्षात त्याचे नाक बधिर झालेले असते, आणि दोन-चार श्वासांत तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातम्यांत एका गटारात दोन-तीन मृत्यू असतात ते यामुळे. कोणी आत पडला तर उतरू नका. दोर टाका, लोकांना लांब करा, १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

संरक्षण साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारमृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. ‘पाय घसरून पडला’ असे लिहून घेण्याचा प्रयत्न होतो. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय मयत ताब्यात घेऊ नका.

मदत छावणीबद्दलही बोलले पाहिजे. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिनमच्या बाजूला दलित कुटुंबांना छावणीत, पाण्याच्या टाकीपाशी आणि मदतवाटपात वेगळे काढल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. पाणी वेगळे ठेवले की जुलाबही वेगळे वाटले जातात, म्हणून आरोग्याच्या पानावर हे लिहितो. असे घडले तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, दोन साक्षीदार घ्या, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा. मुंबईत १९१६. छावणीत बायकांसाठी दिव्याखालचे, आतून कडी असलेले संडास मागून घ्या. ते नसले की बाया पाणी पिणे कमी करतात आणि लघवीची जळजळ घेऊन घरी येतात.

६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांनी पिशवीत कपड्यांचा एक कोरडा जोड जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्यावा. त्यातच रोजच्या गोळ्या: साखरेच्या, रक्तदाबाच्या, झटक्यांच्या. टीबीचा उपचार चालू असेल तर परतीचा उशीर धरून चार दिवसांचे औषध जास्त. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या भांड्यात थंड राहते. चिठ्ठीवर नाव, गाव, घरचा नंबर आणि आजार लिहून म्हाताऱ्या माणसाच्या खिशात किंवा पदराला बांधून ठेवा. खाली अंथरायला चटईबरोबर प्लॅस्टिकचा कागद न्या, तो दोन माणसांत एक पुरतो.