आधीच तयार असलेलं पान

वाचनालयाची माहिती किंवा दिवाळी अंकाची अनुक्रमणिका अशी क्वचित बदलणारी पानं दाखवायला डेटाबेस लागतोच कशाला? वर्डप्रेस साधारणपणे वाचक आला की डेटाबेसमधून मजकूर काढून पान जुळवतं. २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी आणलेलं जेकिल नावाचं साधन हे जुळवण्याचं काम प्रकाशनापूर्वीच उरकतं. मार्कडाउनच्या साध्या फाइलीत ओळीआधी ‘#’ आणि मोकळी जागा दिली की तिचं शीर्षक होतं; मजकूर साच्यात बसतो आणि तयार एचटीएमएल बाहेर पडतं. पान जुळवणारा प्रोग्रॅमच सर्व्हरवर नसल्याने हल्ल्याला वाव कमी, आणि मूळ फाइली आपल्याच हाती राहतात. प्रतिक्रियांसाठी बाहेरची सेवा जोडावी लागते, हा आक्षेप रास्त आहे. जेकिल कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, ही धास्तीही खरी. पण वर्डप्रेसची प्लगइन्स सतत अद्ययावत ठेवण्यापेक्षा चार आज्ञा शिकणं सोपं. घडोघडी साठा बदलणाऱ्या दुकानाला हे पुरणार नाही. छोट्या संस्थांनी मात्र आधी याचाच विचार करावा.