अडलंय कुठे?

निकालाच्या दिवशी लेक घरी आली ती थेट आतल्या खोलीत गेली. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आणि गणितात केटी! मैत्रिणींनो, चूक माझीही झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा ‘निकाल लागायचाय अजून’ असं मी चक्क खोटं सांगितलं. लेकीने ते ऐकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

केटी सुटली. पुढच्या वर्षी पाहते तो काय, वडाळे तलावाजवळच्या आमच्या घरात दर रविवारी पाच-सहा मुलं हजर! कुणी पेणहून, कुणी उरणहून एसटीने आलेली. ‘अगं, आधी स्वतःचं बघ,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘आई, मी नापास झाले होते म्हणूनच ती मला विचारतात. सरांना विचारायला लाजतात.’

त्यातच राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत सुरू झालेली. वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तिचं शिबिर डिसेंबरात, तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर झालं. परतली ती गप्प गप्प.

‘अर्धी घरं बंद होती गं. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पोरंही बरोबर. चौथीतला एक मुलगा यंदा आजीजवळ राहिलेला. मी तासभर त्याला भागाकार शिकवत बसले. मग कळलं, त्याला हातच्याची वजाबाकीच येत नव्हती. शाळेत ती शिकवली, तेव्हा तो भट्टीवर होता.’

तेव्हापासून रविवारी तिचा पहिला प्रश्न एकच, ‘अडलंय कुठे?’ कुणाची अकरावीची त्रिकोणमिती कच्ची निघते. मराठी माध्यमातून आलेल्या एखादीचा तर नुसता इंग्रजी शब्द अडलेला असतो. ती तेवढं मागे जाते आणि तिथून सुरुवात करते.

यंदा काकूंची नात पहिल्या वर्षाला आहे. परवा त्या हळूच म्हणाल्या, ‘तिचं गणित अडतंय हो. कुणाला सांगू नका.’

मी म्हटलं, ‘रविवारी पाठवा तिला. आणि काकू, आमच्या हिलाही केटी लागली होती. तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले.’

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. लेक ऐकत होती. म्हटलं, ऐकू दे.