नारळाच्या रसातली निळी कडा

पूर्णगडला आमच्या परसात मका असतो तो दोन ओळींपुरता. पहिल्या पावसात काकी काकडी, पडवळ, भेंडी लावते तेव्हा कडेने मक्याचे दाणे टोकते. कोवळी कणसं श्रावणात निखाऱ्यावर भाजून संपतात. उरलेली दसऱ्यापर्यंत ताटावरच राहतात, काही बियाण्यासाठी, बाकीची कोंबड्यांना आणि गाईला. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मुचकुंदीच्या मुखाशी असलेल्या या गावात पाऊस थांबला तरी समुद्रावरून येणारा दमट वारा थांबत नाही.

गेल्या दसऱ्याला पडवीत बसून आम्ही ती कणसं सोलत होतो. एका कणसावर पांढरट गुलाबी कापूस धरला होता. तो फ्युजेरियमचा, ओल्या हवेत वाढणाऱ्या बुरशीचा. दुसऱ्याच्या टोकाला अळीने दाणे पोखरले होते आणि नेमकी तिथेच पिवळसर हिरवी पूड साचली होती. काकीने पदराने ती पुसली आणि कणीस गाईच्या टोपलीत टाकलं.

"काकी, हे नको गाईला."

"अगो, झटकलं की जाते ती बुरशी. आजवर हेच करत आलो."

मी इतकी वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आले, पण घरच्या परसातली माती कधी तपासली नव्हती. त्या संध्याकाळी चमचा घेऊन मागे गेले. वरचा पाचोळा बाजूला केला आणि चार बोटं खोलीवरून पाच ठिकाणची तांबडी माती घेतली. गेल्या वर्षीच्या मक्याची खुंटं तिथेच कुजत होती, त्यांच्याजवळची थोडी जास्त घेतली. प्लॅस्टिकच्या पिशवीत माती घामेजते आणि वाटेतच बुरशी वाढायला लागते, म्हणून ती कागदात बांधून पुण्याला नेली.

पुढचं काम सावकाशीचं. दहा ग्रॅम माती नव्वद मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून ढवळायची, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीत, त्यातलं आणखी पुढच्या. असं विरळ करत नेलं नाही तर ते पाणी ज्यात पसरायचं त्या पेट्री बशीत नुसता बुरशीचा गालिचा उगवतो. बशीतलं माध्यम रोझ बेंगॉल रंगाने गुलाबी केलेलं असतं; तो रंग भराभर पसरणाऱ्या बुरशीला आवर घालतो.

तिसऱ्या दिवशी झाकण न काढता बशा उजेडात धरल्या. ट्रायकोडर्माची गर्द हिरवळ, पेनिसिलियमचे निळसर ठिपके, काळ्या ॲस्परजिलसची काजळी, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या काठाच्या, पिवळ्या हिरव्या मखमली वसाहती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या देठांवर कदंबाच्या फुलासारखे गोल झुबके दिसले. ॲस्परजिलस फ्लेव्हस.

ही बुरशी मातीत असणं हा रोग नव्हे. खुंटं, पानं, पडलेले दाणे कुजवून जमिनीला परत देणं हे तिचं रोजचं काम, आणि मी ते आदराने पाहते. पीक नसताना ती मोहरीहून बारीक, कठीण, काळपट गाठींच्या रूपात पडून राहते. मका फुलावर आला की वाऱ्याने उडालेले बीजाणू कणसाच्या केसांवर बसतात आणि त्या वाटेने दाण्यापर्यंत पोहोचतात. ताण पडलेलं झाड आणि अळीने केलेलं भोक त्यांना आयतं दार उघडून देतात. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रात शिरल्यापासून ही दारं वाढली आहेत.

पण पिवळी हिरवी बुरशी म्हणजे विष, असंही नाही. या एकाच जातीत अफ्लाटॉक्सिन हे विष करणारे वाण असतात आणि न करणारेही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ते ओळखायच्या एका जुन्या पद्धतीला नारळ लागतो, आणि तो मी पूर्णगडहूनच आणला होता. खवलेलं खोबरं गरम पाण्यात वाटून, सोलकढीला काढतो तसा रस काढला, पातळ फडक्यातून गाळला, त्यात अगर घालून १२१ अंशांवर वाफवला आणि बशांमध्ये ओतला. स्निग्ध, गोडसर खोबऱ्यावर ही बुरशी विष करायला सहज तयार होते. पिवळ्या हिरव्या वसाहतींतली एकेक सुईच्या टोकाने उचलून या पांढऱ्या बशांत ठेवली.

पाचव्या दिवशी खोली अंधारी केली आणि बशा पालथ्या करून अतिनील दिवा लावला. पहिल्या बशीत काही नाही. दुसरीतही नाही. तिसरीत वसाहतीभोवती निळी कडा उजळली, गॅसच्या मंद ज्योतीसारखी. खात्रीसाठी तिच्या झाकणात अमोनियाचे दोन थेंब टाकले आणि बशी पालथी ठेवली. थोड्याच वेळात वसाहतीची मागची बाजू गुलाबी झाली. काकीच्या हाताखालच्या मातीतून आलेली ती बुरशी होती, आणि हे शिकवण्यात आयुष्य घालवूनही मी त्या दिव्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

हे विष ज्या घटनेमुळे उजेडात आलं ती १९६० ची. इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. आपल्या जवळची गोष्ट मात्र १९७४ ची आहे. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल, आपल्या नंदुरबारसारखाच भिल्लांचा मुलूख. दुष्काळी वर्ष, आणि मका हाती येताना अवकाळी पाऊस. घरात दुसरं धान्य नव्हतं, म्हणून लोकांनी बुरसलेला मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. जवळजवळ चारशे जण आजारी पडले, त्यांतले १०६ दगावले. त्याच घरांतली कुत्रीही तशाच लक्षणांनी मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथल्या मक्यात किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. धान्यासाठी आज आपल्याकडे मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाहूनही कमी. तिथला मका तिच्या चारशे ते हजार पट होता. ती माणसं अज्ञानाने गेली असं मी कधीही म्हणणार नाही. ती भुकेने गेली.

विष न करणारे वाणच माणसाच्या कामी येतात, हे मला या साऱ्या शास्त्रातलं सर्वात सुंदर वाटतं. आफ्रिकेत अफ्लासेफ नावाच्या उत्पादनात असे निरुपद्रवी वाण निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवतात आणि मका फुलावर येण्याआधी दोन-तीन आठवडे शेतात फोकतात. ज्वारी खाऊन ते वाढतात, आणि विषारी भाऊबंदांना जागाच उरत नाही.

परसातल्या दोन ओळींना ते कुठून आणणार? तिथे हातात राहतात ते कापणीनंतरचे दिवस. निळी कडा दिसली त्या रात्रीच काकीला फोन केला. पुसल्याने बुरशी जाते, विष दाण्यात राहतं, उकळून आणि भाजूनही पुरतं जात नाही, हे सांगितलं. गाईने खाल्लं तर ते रूप बदलून दुधात उतरतं, हे सांगितल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "आणि ते दूध आपली पोरं पितात."

दिवाळीला गेले तेव्हा खराब कणसं तिने माडांपलीकडे खोल खड्ड्यात पुरली होती. चांगली सोलून दाणे खळ्यात ताडपत्रीवर घातले होते, उघड्या जमिनीवर नव्हे. दिवसातून चारदा ती हात फिरवायची आणि सूर्य कलायच्या आत सगळं गोळा करून झाकायची, कारण रात्रीच्या दंवात दाणा दिवसभर गमावलेलं पाणी परत पितो. बाईमाणसाच्या या कामाची नोंद कुठल्या वहीत होत नाही.

दाणा वाळला हे ती दाताखाली फोडून ठरवायची. मी तिला बरणीची युक्ती दाखवली. मीठ तव्यावर खडखडीत भाजायचं. पूर्णगडच्या हवेत न भाजलेलं मीठ स्वतःच ओलं असतं. कोरड्या काचेच्या बरणीत दाणे घ्यायचे, चमचाभर मीठ घालून मिनिटभर हलवायचं आणि पाव तास थांबायचं. पहिल्या दिवशी मीठ काचेला चिकटून राहिलं, म्हणजे ओल पंधरा टक्क्यांच्या वर. दाणे पुन्हा उन्हात गेले. दुसऱ्या दिवशी थोडं चिकटलं. तिसऱ्या दिवशी सगळं मीठ भुरभुरत तळाशी बसलं. साठवणीला मका त्याहूनही कोरडा, तेरा टक्क्यांच्या आसपास लागतो, म्हणून तिने आणखी दोन उन्हं दिली आणि मग डबा भरला.

बरणी मात्र तिने मला परत दिली नाही. मीठ पुन्हा तव्यावर टाकत म्हणाली, "राहू दे. भात झोडून झाला की त्याचंही बघते."